दोन वह्या, एक हिशेब

कामगार संघटनेत उभे आयुष्य घालवलेल्या माणसाने संगणकाच्या इतिहासावर बोलायला उभे राहावे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले, ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून, सार्वजनिक वाचनालयातून आणि कोर्टाच्या आवारात वकिलांची वाट पाहत बसल्या-बसल्या. तरीही हा विषय आम्ही हट्टाने मागून घेतला. त्याचे कारण आमचा एक भाचा. तो संगणकांच्या देखरेखीवर रात्रपाळी करतो. एका सणाच्या दिवशी तो भरल्या ताटावरून उठून गेला, तो दुसऱ्या दिवशी दुपारी परतला. काय झाले म्हणून विचारले, तर म्हणाला, "मामा, दोन यंत्रे एकाच वेळी धनी होऊन बसली. दोघांनीही वही लिहिली. आता खरी कोणाची धरायची?"

या प्रश्नाने आम्हीही एकदा पोळलो होतो आणि त्यात आमच्या हातून एक अन्यायही घडला होता. यंत्रांच्या जगात शहाण्या माणसांनी या प्रश्नाचे काय केले, ते पाहावे म्हणून आम्ही वाचू लागलो. त्या वाचनाचे सार आज येथे मांडतो.

आधी मुळात दोन यंत्रे का, हे पाहू. आपण बँकेतून पैसे काढतो, रेल्वेची जागा राखून ठेवतो, तेव्हा कोठेतरी एका वहीत नोंद होत असते. ती वही एकाच यंत्रापाशी ठेवली, तर ते यंत्र बंद पडताच खिडकीसमोरची रांग जागच्या जागी थांबेल. म्हणून जोडीला दुसरे यंत्र ठेवायचे आणि पहिले कोसळले की दुसऱ्याने लेखणी हाती घ्यायची. अमेरिकेत १९७४ साली टँडम नावाची कंपनी याच कल्पनेवर निघाली. १९७६ साली तिने आपले पहिले यंत्र एका मोठ्या बँकेला दिले. त्याचे नावच 'नॉनस्टॉप' असे होते. त्या यंत्रातले भाग ठराविक अंतराने एकमेकांना "मी आहे" असा निरोप पाठवीत. अशा निरोपाला त्या धंद्यात 'हार्टबीट', म्हणजे काळजाचा ठोका, म्हणतात. ठोका थांबला की जोडीदार गेला असे समजावे आणि त्याचे काम उचलावे, अशी ही साधी व्यवस्था.

परंतु खरी मेख याच ठिकाणी आहे. ठोका ऐकू आला नाही, याचे अर्थ दोन होतात. एक, जोडीदार मेला. दुसरा, जोडीदार ठणठणीत आहे आणि मधली तार तेवढी तुटली आहे. ऐकणाऱ्याच्या कानी दोन्ही वेळा शांतताच पडते. शांततेवरून तो मेला असे धरून आपण लेखणी उचलावी, आणि पलीकडे त्यानेही हेच आपल्याविषयी धरून लिहीत राहावे, म्हणजे एका वहीच्या दोन वह्या होतात. दोन्ही स्वतःला खरी म्हणवतात आणि क्षणाक्षणाला एकमेकींपासून दूर जातात.

या विकाराला 'स्प्लिट ब्रेन', म्हणजे दुभंगलेला मेंदू, असे नाव पडले. ते वैद्यकातून आले. अपस्माराच्या तीव्र विकारावर उपाय म्हणून काही रोग्यांच्या मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा मज्जातंतूंचा जाड पट्टा कापीत असत. अशा रोग्यांचा अभ्यास रॉजर स्पेरी या शास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात केला. एका अर्धाला जे दिसते, ते दुसऱ्याला ठाऊक नसते, असे त्यांना आढळले. या कामासाठी १९८१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. संगणकवाल्यांनी हे नाव उचलले, आणि ते चपखल बसले.

हा दुभंग होऊच नये, म्हणून जो पहिला मोठा उपाय निघाला, तो आम्हा सभासंमेलनातल्या माणसांना फार ओळखीचा आहे. तो म्हणजे मतदान. १९७९ साली रॉबर्ट थॉमस आणि डेव्हिड गिफर्ड या दोघांनी निरनिराळ्या निबंधांतून हा विचार मांडला. एका वहीच्या अनेक प्रती असतील, तर बदल करायला मतांचा कोरम लागावा, असा त्याचा आशय. यातले गणित मुलालाही कळेल. पाच जणांतून तीन-तीनचे दोन गट काढून पाहा. एक माणूस तरी दोन्ही गटांत येतोच. म्हणून एकाच वेळी परस्परांना अनभिज्ञ अशी दोन बहुमते असू शकत नाहीत. १९८३ साली डिजिटल इक्विपमेंट या कंपनीने 'व्हॅक्सक्लस्टर' जाहीर केला, त्यात हाच नियम होता. ज्या गटापाशी कोरम नाही, त्याने काम थांबवून स्वस्थ बसायचे. यंत्रे दोनच असतील तर मत बरोबरीत अडकते, म्हणून तेथे एका सामाईक तबकडीला तिसरे मत देण्याची सोय होती. आमच्याकडे अध्यक्षाला निर्णायक मत असते, तसाच हा प्रकार.

पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी हे शास्त्र फार पुढे नेले. त्यांचा एक निबंध मोठा मौजेचा आहे. ग्रीसमधल्या पॅक्सॉस बेटावर पूर्वी एक विधिमंडळ होते, त्याचे सभासद सभागृहातून वाटेल तेव्हा उठून जात, निरोप्ये निरोप विसरत, तरीही त्यांच्या कायद्याच्या वह्यांत कधी विसंगती झाली नाही, अशी कल्पित कथा रचून त्यांनी आपली रीत सांगितली. १९९० साली छापण्यासाठी दिलेला हा निबंध प्रसिद्ध झाला तो १९९८ साली. २०१४ साली डिएगो ओंगारो आणि जॉन औस्टरहाउट यांनी 'राफ्ट' नावाची दुसरी रीत मांडली. माणसाला समजायला सोपी असावी, हा तिचा जाहीर हेतू होता. आज जगातली कितीतरी यंत्रे याच रीतीने आपला नायक निवडतात.

दुसरा उपाय अधिक रांगडा आहे. संशय आला की आधी जोडीदाराचा वीजपुरवठा तोडायचा आणि मगच आपण लेखणी उचलायची. तो जिवंत होता की मेलेला, हा प्रश्नच मग उरत नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस लिनक्सवर काम करणाऱ्या मंडळींनी या उपायाला जे नाव ठेवले, त्याचा अर्थ "दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाला" असा होतो. धंद्यातला विनोद आहे, परंतु तो उपाय आजही चालतो.

असो. हे सगळे दुभंग टाळण्याचे उपाय झाले. पण दुभंग होऊन गेल्यावर काय करायचे? आम्हाला खरे कुतूहल होते ते याचे, आणि त्याचा इतिहास अधिक उद्बोधक आहे.

१९८३ साली लॉस एंजल्सच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी, त्यांच्या 'लोकस' नावाच्या व्यवस्थेवर काम करताना, एक महत्त्वाचा भेद दाखवून दिला. दोन वह्या जुळत नाहीत, एवढ्यावरून घाबरून जाऊ नये. कधी एक वही नुसती मागे पडलेली असते. तिच्यात जे आहे ते सर्व दुसरीत असतेच, वर आणखीही असते. अशी वही पुढच्या नोंदी उतरवून घेतल्या की सारखी होते. पण कधी दोन्ही वह्यांत, दुसरीत नाही असे, काहीतरी लिहिलेले असते. तो खरा दुभंग. हे दोन प्रसंग ओळखता यावेत, म्हणून प्रत्येक प्रतीने "मजवर कोठल्या यंत्राने किती वेळा लिहिले" याची मोजणी जवळ ठेवावी, अशी युक्ती त्यांनी काढली. मागे पडलेला आणि फुटलेला यांतला हा फरक आमच्या अनेक पुढाऱ्यांनाही कळत नाही.

दुभंग ओळखल्यावर जोडणी कशी करायची? जेथे व्यवहार तसा सौम्य असतो, तेथे दोन्ही वह्यांची बेरीज चालते. ॲमेझॉनच्या लोकांनी २००७ साली आपल्या 'डायनॅमो' या व्यवस्थेविषयी लिहिले. गिऱ्हाइकाच्या बाजारहाटाच्या टोपलीच्या दोन निरनिराळ्या प्रती निघाल्या, तर दोहोंतल्या वस्तू एकत्र करायच्या, असा तेथला रिवाज होता. टाकलेली वस्तू हरवणार नाही, मात्र काढून टाकलेली एखादी वस्तू पुन्हा टोपलीत येऊन बसेल, हे त्यांनी मोकळेपणी कबूल केले. टोपलीत एक साबण जादा आला तर माणूस तो काढून ठेवतो. खात्यातून एकच रक्कम दोनदा गेली, तर मात्र तो तसा हसणार नाही.

जेथे बेरीज चालत नाही, तेथे एक वही टाकून द्यावी लागते. व्हिएन्नाच्या फिलिप राइस्नर यांनी सुरू केलेली 'डीआरबीडी' नावाची एक व्यवस्था आहे. ती एका यंत्रावरचे लिखाण जसेच्या तसे दुसऱ्यावर उमटवते. २०१० साली ती लिनक्सच्या मूळ गाभ्यात दाखल झाली. तिला दुभंग आढळला की ती जोडणीच नाकारते. दोन्ही यंत्रे आपापली उभी राहतात आणि माणसाची वाट पाहतात. मग माणसाने येऊन एका यंत्राला आज्ञा द्यायची. त्या आज्ञेचा शब्दशः अर्थ "माझे लिखाण टाकून दे" असा आहे. हे आपोआप व्हावे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी काही ठरीव धोरणेही आहेत. नंतर धनी झाला त्याचे टाका, हे एक. ज्याने काहीच लिहिले नाही त्याचे टाका, हे दुसरे, आणि त्यात कोणाचेच नुकसान नाही. ज्याचे फेरफार कमी असतील त्याचे टाका, हे आणखी एक.

या शेवटच्या धोरणापाशी आम्ही वाचता वाचता थांबलो. कारण आम्ही एकदा नेमके हेच केले होते.

गोष्ट २००४ सालची. वेतनकराराची बोलणी चालू असताना आमच्या युनियनचे सरचिटणीस चार दिवस बेपत्ता झाले. फोन लागेना. ते मालकाला जाऊन मिळाले, अशी कुजबुज सुरू झाली. पाचव्या दिवशी अकरांपैकी आम्ही सात जण बसलो. कोरम पुरा होता. आम्ही दुसरा सरचिटणीस नेमला. पुढे कळले की ते गृहस्थ लांबच्या एका कारखान्यात वर्गणी गोळा करीत होते आणि त्यांचा फोन बंद पडला होता. परत आल्यावर त्यांनी सूत्रे सोडायला नकार दिला. मग अकरा आठवडे दोन सरचिटणीस, दोन पावतीपुस्तके आणि एकाच नावाचे दोन शिक्के! शेवटी सर्वसाधारण सभा झाली, बहुमत आमच्या बाजूने पडले आणि पहिलाच ठराव आला: अमुक तारखेपासून त्यांनी फाडलेल्या पावत्या युनियनवर बंधनकारक नाहीत. आमच्या पुस्तकात हजारांवर पावत्या होत्या, त्यांच्यात २१२. आम्ही हात वर केला.

त्या २१२ मध्ये एक ओतकामाचा मदतनीस होता. त्याने सहाय्यनिधीची तुंबलेली वर्गणी भरून पावती घेतली होती. श्रावणात तो रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्याची बायको पावती घेऊन कचेरीत आली, तेव्हा टेबलामागे आम्हीच होतो. ठरावाप्रमाणे निधी देता येत नाही, असे आम्ही सांगितले. बाईंनी पावती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, "भाऊ, शिक्का तर हाच आहे ना?"

याला उत्तर नव्हते. पुढे सात महिन्यांनी, दोन्ही बाजूंचा एकेक माणूस समोरासमोर बसवून, आम्ही दोन्ही पुस्तकांच्या स्थळप्रती ओळीने पडताळल्या. १९७ पावत्या बिनतक्रार जुळल्या. ११ जणांनी दोन्हीकडे पैसे भरले होते, ते पुढच्या वर्गणीत वळते केले. चारांचा निकाल लागला नाही. बाईंना पैसे मिळाले. पण त्याआधी दिवाळीनंतर थोरल्या मुलीची शाळा सुटली होती. ती काही आम्हाला कोठल्याही खात्यातून भरून देता आली नाही.

आता यंत्रांच्या जगातला एक प्रसंग सांगतो. 'गिटहब' हे जगभरच्या प्रोग्रॅमर मंडळींचे भांडार. आपले लिखाण तेथे ठेवावे, एकमेकांच्या कामावर चर्चा करावी, चुका नोंदवाव्यात, असे त्याचे स्वरूप. २०१८ साली तेथे दुभंग झाला, आणि दहा दिवसांच्या आत त्या कंपनीने मिनिटामिनिटाची हकीकत छापून टाकली. कारखान्यातल्या अपघाताचा अहवाल फलकावर लागावा म्हणून ज्यांनी वर्षे घालवली, त्यांना या मोकळेपणाचे मोल कळेल.

२१ ऑक्टोबर २०१८, रविवार. ग्रीनिचच्या वेळेप्रमाणे रात्रीचे १० वाजून ५२ मिनिटे; आपल्याकडे सोमवारची पहाट उजाडायची होती. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एक बिघडू लागलेले प्रकाशतंतूचे उपकरण बदलण्याचे नेहमीचे काम चालू होते. त्या भानगडीत तेथल्या मुख्य केंद्राचा संबंध तुटला, तो अवघा ४३ सेकंद. मुख्य वह्या याच केंद्रात होत्या. त्यांचा नायक कोण, हे ठरवणारे पंचमंडळ मात्र तीन ठिकाणी विखुरलेले होते: पूर्वेचे हे केंद्र, पश्चिम किनाऱ्यावरचे केंद्र, आणि पूर्वेकडेच भाड्याने घेतलेली यंत्रे. मुख्य केंद्र दिसेनासे होताच उरलेल्या दोघांनी राफ्टच्या रीतीने कोरम पुरा केला आणि लेखणी पश्चिमेच्या हाती दिली. तार जुळल्यावर सारे नवे लिखाण पश्चिमेकडे जाऊ लागले.

येथे यंत्रांनी एकही नियम मोडला नव्हता. सभा कायदेशीर होती आणि ठरावही कायदेशीर होता. परंतु संबंध तुटण्याच्या घटकेला पूर्वेच्या वह्यांत काही सेकंदांचे असे लिखाण होते, की जे पश्चिमेला पोचलेच नव्हते. कारण प्रत येथून तेथे जायला थोडा अवधी लागे आणि तेवढ्यासाठी लिहिणाऱ्याला खोळंबून ठेवायचे नाही, अशीच मांडणी होती. पूर्वेकडे काही सेकंद पश्चिमेला ठाऊक नसलेले, आणि पश्चिमेकडे पाहता पाहता सुमारे ४० मिनिटे पूर्वेला ठाऊक नसलेली. लॉस एंजल्सच्या संशोधकांच्या भाषेत, ही मागे पडलेली वही नव्हती, फुटलेली होती.

मंडळींपुढे दोन सोप्या वाटा होत्या. पश्चिमेची ४० मिनिटे टाकून पूर्वेला परत जावे, की काम झटपट सुरू. किंवा पूर्वेचे काही सेकंद विसरून पश्चिमेलाच कायमचे धनी मानावे. या दुसऱ्या वाटेत एक अडचणही होती. बरीचशी यंत्रे पूर्वेला होती, आणि प्रत्येक नोंदीसाठी अख्खे खंड ओलांडून पश्चिमेला जाताना ती गुदमरत होती. त्यांनी दोन्ही वाटा नाकारल्या. पहिल्या पाव तासातच त्यांनी नवे बदल यंत्रांवर चढवण्याच्या साधनांना हाताने कुलूप घातले. ११ वाजून १९ मिनिटांनी काही कामे मुद्दाम बंद केली. सेवा अपुरी राहिली, लोक खोळंबले, तरी चालेल, पण वही बिघडता कामा नये, असा तो निर्णय होता.

मग जोडणी सुरू झाली. पूर्वेच्या वह्या दर चार तासांनी घेतलेल्या राखीव प्रतींवरून नव्याने उभ्या करायच्या, त्यांवर पश्चिमेचे लिखाण उतरवून घ्यायचे, आणि दोन्ही बाजू समसमान झाल्या म्हणजेच लेखणी पूर्वेला परत द्यायची, असा बेत होता. सांगायला हे एक वाक्य आहे, परंतु त्या वह्या इतक्या अवाढव्य, की नुसत्या उतरवून घ्यायला तासांमागून तास गेले. दुसऱ्या दिवशी ११ वाजून १२ मिनिटांनी पूर्वेकडे मुख्य वह्या उघडल्या. सगळ्या प्रती जुळायला दुपारचे ४ वाजून २४ मिनिटे झाली. तोवर ५० लाखांहून अधिक निरोप आणि ८० हजार पानांची कामे तुंबली होती. ती उपसून रात्री ११ वाजून ३ मिनिटांनी सर्व सुरळीत झाले. म्हणजे ४३ सेकंदांच्या दुभंगातून सावरायला २४ तास ११ मिनिटे लागली. त्यातही सुमारे २ लाख निरोप मुदत उलटल्यामुळे गळून गेले, आणि हेही त्यांनी लपवले नाही.

आणि पूर्वेच्या त्या काही सेकंदांचे काय? आमचे सारे लक्ष तिकडे होते. ते लिखाण नव्या वहीत चढले नाही, पण टाकूनही दिले नाही. यंत्र आपल्या प्रत्येक फेरफाराची जी रोजकीर्द ठेवते, ती त्यांनी जपून बाजूला काढली. सर्वांत वर्दळीच्या वह्यांपैकी एकीत अशा नोंदी किती, ते मोजले: ९५४. त्यांतल्या काही आपोआप जुळवता येतील, काहींबाबत ज्याची नोंद त्यालाच विचारावे लागेल, असे त्यांनी लिहिले. पुढे नायकपद एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर आपोआप जाऊ नये, असा बंदोबस्तही त्यांनी केला.

बहुमत हे आमच्या चळवळीचे दैवत आहे आणि त्याची निंदा आम्ही करणार नाही. दुभंगलेल्या घरात यापुढे कोणी लिहावे, हे बहुमतानेच ठरले पाहिजे. यंत्रांचा पन्नास वर्षांचा इतिहास हेच सांगतो. परंतु यापूर्वी दुसऱ्याच्या हातून जे लिहून झाले, ते बहुमताने पुसले जात नाही. त्या सात जणांच्या बैठकीचा पहिला अधिकार खरा होता. दुसरा अधिकार आम्ही सभेतल्या उंचावलेल्या हातांच्या जोरावर बळकावला. गिटहबच्या पंचमंडळाने पहिल्या अधिकाराने काम केले, आणि दुसरा घेण्याच्या मोहापासून तिथली माणसे दूर राहिली, हे त्यांचे मोठेपण. १९२९ साली नागपूरच्या अधिवेशनात आपली ट्रेड युनियन काँग्रेस फुटली आणि ती पुरती सांधायला १९४० साल उजाडले. त्यामानाने २४ तास फार नव्हेत, पण त्या २४ तासांत जो धीर धरावा लागला, तो आमच्यापाशी अकरा आठवड्यांनंतरही नव्हता.

भाच्याने विचारले होते, खरी कोणाची धरायची? आम्ही त्याला सांगितले, आधी दोघांचीही लेखणी काढून घे, दोन्ही वह्या कपाटात ठेव, किल्ली एकट्याजवळ ठेवू नकोस, आणि मग ओळीने वाचायला बस. तो हसला आणि म्हणाला, "मामा, आमच्याकडेही लिहून ठेवलेले हेच आहे. फक्त त्या घटकेला साहेबांचा फोन येतो, लवकर चालू करा म्हणून."

ते २१२ पावत्यांचे पुस्तक आमच्या कचेरीच्या कपाटात अजून आहे. नवा कार्यकर्ता आला की आम्ही ते त्याच्या हाती देतो, आणि ज्या चार स्थळप्रतींपुढे आजवर खूण झालेली नाही, त्या त्याला दाखवतो.